धमाशाचा ध

धमासा हातात घेतला की माझ्या तोंडात आधी शिवी येते, मग त्याचे गुण आठवतात. शिवी लहानपणची आहे, गुण नंतर शिकलेले. कल्याणात काष्ठौषधींच्या दुकानात उभा जन्म काढला, तरी हा क्रम काही उलटा झाला नाही.

संपादकांचा निरोप आला, ‘दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या धंद्यातलं काही लिहा.’ दोन दिवस मी नाहीच म्हणत होतो. माझं शिक्षण मराठी दुसऱ्या पुस्तकात थांबलं; तिसरं पुस्तक मी बाहेरूनच पाहिलेलं. छापलेल्या ओळींत कोणी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढील, ही धास्ती. मग वाटलं, चुकीबद्दलच लिहावं. बाकी काही नाही तरी त्या विषयात माझा अधिकार आहे.

मी माणदेशातला. आमच्याकडे जमीन म्हणजे मुरूम, आणि पाऊस सरल्यावर त्या मुरमावर जे तगतं त्यात धमासा एक. वीतभर उंचीचं, भुईला धरून पसरलेलं झुडूप. फूल नखाएवढं, जांभळट गुलाबी, पाच पाकळ्यांचं. पाकळी बुडाशी इतकी बारीक की दोन पाकळ्यांमधून मागची माती दिसते. सकाळच्या उन्हात सगळा माळ गुलाल शिंपडल्यासारखा होतो. पण गुरांमागे अनवाणी चालणाऱ्याला फूल कुठलं दिसायला? त्याला काटा कळतो, तोही मोडल्यावर. म्हातारी माणसं मात्र शिव्या देत देतच तो उपटून आणायची. तोंड आलं की त्याच्या काढ्याच्या चुळा. उन्हाळी लागून लघवीला जळजळ झाली की मातीच्या भांड्यात भिजवून गाळलेलं पाणी. अंगाला खाज सुटली की त्याच पाण्याची आंघोळ. तापात तहान भागेना, तर घोट घोट तेच.

मोठ्या दुष्काळाने आमच्या भागातली माणसं चारी दिशांना पांगली. मी आगगाडीच्या खडीवर काम करत करत कल्याणला येऊन पोचलो. मला एकोणिसावं वर्ष सरत होतं. गावच्या एका हमालाने मला लालजीशेठपुढे उभं केलं. शेठ मूळचे कच्छचे. बाप-आज्यापासून कल्याणात दुकान. हिरडा-बेहड्यापासून केशरापर्यंत सगळं. शेठनी एका सुपात दहा-बारा वाळक्या काड्या, मुळ्या, साली पसरल्या आणि विचारलं, “यातलं काय ओळखतोस?”

मला एकच ओळखता आली. मी म्हटलं, “ह्यो दमासा. पायात मोडतो.”

शेठ हसायला लागले. “आमच्या कच्छमध्ये पण पायातच मोडतो. रेतीत दुसरं काही नाही मिळालं तर हा मिळतोच. उद्यापासून ये.”

एका काट्यावर मला नोकरी लागली. त्या माणसाचे उपकार मी आजही मोजू शकत नाही. जेवण त्यांच्याकडे, झोपणं दुकानाच्या माळ्यावर. आणि तेव्हापासूनच माझ्या मनात एक भीती बसली, की हे सगळं कधीतरी जाणार. गावाकडे परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेठ जरा गंभीर दिसले की मी मनातल्या मनात गाठोडं बांधायला घ्यायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की आमचा धंदा म्हणजे पुड्या बांधणं. पुडी कोणीही बांधील. खरा धंदा वाळलेली वनस्पती ओळखण्याचा. फूल नाही, पान नाही, रंग उडालेला, वास अर्धा गेलेला, आणि हातात दोन बोटांएवढी काडी. धमाशाचंच घ्या. त्याचा एक जुळा भाऊ म्हणावा असा आहे, जवासा. तोही रेताड जागेतला, तोही काटेरी, वाळल्यावर दोघांचा रंग एक. इराणाकडे म्हणे जवाशावर साखरेसारखा गोड चीक धरतो. तुरंजबीन म्हणून तो आमच्याकडे डबीतून यायचा. दोघांचे गुण थोडे मिळतात, पण एकाच्या जागी दुसरा द्यायचा नाही, हा दुकानाचा नियम. ओळख अशी: धमाशाच्या प्रत्येक पेऱ्यावर चार काटे, समोरासमोर दोन-दोन. जवाशाच्या पेऱ्यावर एकच, पण दणकट. बस्स. एवढं कळायला मला सहा महिने लागले.

आमचं गिऱ्हाईक असलेले एक वैद्यबुवा होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ते औषध बघायचे नाहीत, तळहातावर घेऊन बोटांनी चाचपायचे. संस्कृतात धमाशाला दुरालभा म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं. दुरालभा म्हणजे मिळायला कठीण. मी म्हटलं, “वैद्यबुवा, आमच्याकडं ह्याच्यापायी पाय ठेवायला जागा मिळत न्हाई.”

ते म्हणाले, “हात लावायला कठीण, असाही अर्थ होतो. ज्याने नाव ठेवलं, त्याला तुझ्यासारखाच काटा मोडला असणार.”

गिऱ्हाइकं नाना तऱ्हांची. खाडीकडच्या मिठागरांतून पायाची कातडी खारानं सोललेले लोक यायचे. त्यांना धुवायला धमाशाचं पाणी सांगितलेलं असायचं. नेवाळीकडच्या एक आत्याबाई दर चैत्रात येऊन म्हणायच्या, “काटे निवडून दे हो, घशात अडकतात.” मी सांगितलं, “आत्याबाई, काटे निवडले तर काड्याच राहतील. आणि हे गाळून प्यायचं असतं, चावायचं नसतं.” त्या म्हणाल्या, “गाळतेच रे, पण निवडून दे.” दोन वर्षं मी चिमट्याने काटे निवडून दिले. तिसऱ्या वर्षी कळलं की त्या दुकानातल्या बाकावर बसून घटकाभर गप्पा मारता याव्यात म्हणून निवडायला लावायच्या. मग मी आणखी सावकाश निवडू लागलो.

आता चुकीकडे येतो.

कच्छचा माल मांडवीहून गलबताने मुंबईला यायचा, तिथून ठाण्याच्या बंदरावर शेठच्या वखारीत. पंधरवड्यातून एकदा मी आगगाडीने ठाण्याला जायचो, माल निवडायचो, पोती भरायचो आणि प्रत्येक पोत्यावर काजळीच्या शाईने आत काय आहे ते लिहायचो. पोती अंतोन नाखव्याच्या मचव्यात चढत आणि भरती धरून खाडीने कल्याणला येत. मी गाडीने पुढे यायचो. अंतोन ठाण्याच्या ख्रिस्ती वाड्यातला, पन्नाशीचा, रुंद छातीचा. पण त्या छातीत दमा होता. दोर ओढताना मध्येच थांबून, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास शोधायचा.

राणीच्या ज्युबिलीच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. कल्याणला माल उतरून काट्यावर चढला आणि धमाशाचं पोतं दोन शेर कमी भरलं. शेठ म्हणाले, “वाळला असेल.” पुढच्या खेपेला तीन शेर कमी. त्याच्या पुढच्या खेपेला चार. बाकी सगळी पोती बरोबर. ज्येष्ठमध पुरा, पिंपळी पुरी, हिंगाच्या डब्याला हात लागलेला नाही. चोर आला तर तो काय नेईल? दुकानातला सगळ्यांत हलका, सगळ्यांत टोचणारा माल?

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, “म्हादू, हा तुझ्या गावचा. याच्यावर तुझंच प्रेम.”

ते थट्टेत बोलले असतील. मी थट्टेत घेतलं नाही. पोतं भरणारा मी, लिहिणारा मी. माझ्याशिवाय कोणावर नाव येणार? त्या आठवड्यात अन्न गोड लागलं नाही. आणि पुढच्या खेपेला माल कल्याणला उतरला तेव्हा, काट्यावर चढायच्या आधी, मी ते केलं. धमाशाच्या पोत्याचं तोंड सोडलं, जवाशाच्या जुन्या पोत्यातून चार-पाच ओंजळी काढून आत टाकल्या, आणि हलवून सारखं केलं. पोतं बरोबर भरलं. शेठ म्हणाले, “बघ, आला ना ठिकाणावर?” मी हो म्हटलं.

आठवडाभराने वैद्यबुवा आले. मी त्यांच्या तळहातावर धमासा ठेवला. त्यांची बोटं काडीवरून फिरली, थांबली, परत मागे आली.

“म्हादू, इथे किती काटे आहेत?”

मी काडी परत घ्यायला हात पुढे केला.

“मला एकच लागतोय,” ते म्हणाले. “माझे डोळे गेलेत. तुझे आहेत ना?”

शेठ गादीवरून उठून आले. मला खोटं सुचलं असतं तर बोललो असतो. पण घाबरलेल्या माणसाला सुचतंच असं नाही. मी सगळं सांगितलं. शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “कमी भरलं होतं तर कमी सांगायचं. मी एक दिवस बोललो असतो. तू दुसरंच भरलंस. लोक ते पोटात घेतात, भाई.” मग म्हणाले, “या आठवड्यात जेवढ्या पुड्या गेल्या, तेवढ्या परत आण. प्रत्येकाला काय झालं ते सांग. आणि खरा माल दे. तुझं काय करायचं ते त्यानंतर बघू.”

तेरा पुड्या होत्या. मी कल्याणातली आळी न् आळी हिंडलो. दारात उभं राहून सांगायचं, ‘मी चुकीचं औषध दिलं, परत द्या.’ एकाने तोंडावर दार लावलं. एका मास्तरांनी ‘कसं चुकलं’ हे तीन वेळा सांगायला लावलं आणि तिन्ही वेळा मान हलवली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मी ती घेतली आणि बरा झालो. आता ती चुकीची कशी?” त्यांनी पुडी परत दिली नाही ती नाहीच. मी खरी पुडी उंबऱ्यावर ठेवून आलो.

शेवटची पुडी खडवलीला गेली होती. तिथला एक शेतकरी बायकोच्या तापासाठी घेऊन गेलेला. अंगाची आग होते, तहान भागत नाही, असं सांगत होता. चालत निघालो. वाटेत भातखाचरांतून पाणी होतं, त्यात चिखलाने पाय जड. सबंध वाट माझ्या डोळ्यांपुढे ती बाई. तिला मी पाहिलीही नव्हती. गावात पोचलो तर घराला कडी. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा सुंभ वळत बसलेला. मी विचारलं, “ह्या घरातली आजारी बाई कुठाय?”

तो मान वर न करता म्हणाला, “ती गेली.”

मी तिथेच चिखलात बसलो. म्हाताऱ्याने मग वर पाहिलं. “अरे, काय झालं तुला? नदीवर गेली, धुणं घेऊन. येलच आता.”

ती आली. डोक्यावर पिळलेल्या कपड्यांची बादली, स्वतः चांगली खणखणीत, मागून नवरा. मी हात जोडून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजी ती पुडी खोटी होती व्हय? मंग खोटीच द्या. मागल्या साली आनलेली जहर कडू होती. ही बरी गोडूस लागली, म्हनून प्याले तरी.” मी खरी पुडी पुढे केली. तिने वास घेऊन तोंड वाकडं केलं आणि नवऱ्याला म्हणाली, “ही तुमीच प्या.”

परत येताना रस्ता उताराचा वाटला. पण दुकान जवळ आलं तसं मी परत मनातलं गाठोडं बांधायला घेतलं. ‘तुझं काय करायचं ते बघू’ हे वाक्य तसंच बाकी होतं. शेठनी तेरा जागांचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “पुढच्या खेपेला गाडीने येऊ नकोस. मचव्यातून ये. माल कुठे जातो ते बघ.”

तसा मी मचव्यात बसलो. ठाणं मागे पडलं, वारा पडला, मचवा भरतीवर नुसता तरंगू लागला. दोन्ही काठांना तिवरं. अंतोनने चुलीवर पाणी ठेवलं, उठला, आणि माझ्या देखत, जसा घरातल्या मडक्यात हात घालावा तसा, धमाशाच्या पोत्यात हात घालून एक मूठ काढली आणि पाण्यात टाकली.

मी पोत्याचं तोंड धरलं. “नाखवा, हे काय करता?”

“काढा.”

“आमच्या पोत्यातला?”

“मंग कोनाच्या? ह्यो दम्याचा पाला. मना दमा हाय. घरा पन नेतो जराजरा.”

“दम्याचा कोणी सांगितला?”

“तुनाच लिवलंय की वर. मना वाचता येत नाय. जकातीवरचा कारकून पोती वाचतो ना मोठ्यानं: हिरडा, बेहडा, दमासा. मी इचारलं, भाऊ, दमासा कशावर? तो बोलला, नाखवा, नावातच हाय.”

मी पोत्याकडे पाहिलं. माझ्याच हाताचं, माझ्याच काजळीचं: ‘दमासा’. आमच्या माणदेशाच्या बोलण्यात ध ला जोर नाही. आई तसंच म्हणायची, मी तसंच लिहिलं. इतिहासात कोणी ध चा मा केला. मी ध चा द केला, आणि त्या द वर एक माणूस दोन महिने श्वास घेत होता. पोतं कमी का भरतं, मी जवासा का टाकला, खडवलीला चिखलात का बसलो, सगळं त्या एका अक्षराच्या पोटात.

मला हसू येईना आणि रागही. अंतोनला सांगावं की नाही, हेच कळेना. न सांगितलं तर माझी चूक झाकली जाते. चोर सापडला, मी सुटलो. सांगितलं, तर शेठच्या पुढे मी दुसऱ्यांदा उभा. शिवाय अंतोन त्या काढ्याच्या भरवशावर दुसरं औषध सोडून बसला असेल तर?

“वैद्याचं औषध घेता का?” मी विचारलं.

“सोरलं. ह्यो मिळाला ना.”

तेव्हा मी सांगितलं. अक्षर दाखवलं, नाव सांगितलं, हे तापावर आणि तहानेवर देतात तेही सांगितलं. अंतोनने काढा ओतून घेतला, फुंकर मारली, सावकाश संपवला. मग म्हणाला, “लिवलं तू. वाचलं त्यानं. प्यालो मी. दम माझा हलका झाला. आता तू बोलतंस, नाय झाला. मी कोनाचं ऐकू, तुजं का छातीचं?”

 कल्याणच्या बंदरावर उतरल्याबरोबर मी त्याला वैद्यबुवांकडे घेऊन गेलो. त्यांनी नाडी पाहिली, पाठीला कान लावला आणि म्हणाले, “ग्रंथांत खोकल्या-श्वासाच्या औषधांत हिचं नाव आहे, तेव्हा अगदीच उलटं काही झालेलं नाही. पण हिच्या एकटीच्या जोरावर मचवा चालायचा नाही. जोडीला अडुळसा घे.”

अंतोन उखडला. “अडुलसा? ती आमची कुंपनं. बकरी तोंड लावत नाय त्याला. तो मी पिऊ?”

मी म्हटलं, “नाखवा, जो पाला तुम्ही दोन महिने पिताय, त्याला आमच्याकडे कुंपणाचाही मान नाही. आम्ही त्याला शिव्या देतो.”

अंतोन म्हणाला, “खरं बोलतंस?”

“एकदा खोटं दिलं, त्याचे पाय अजून दुखतायत.”

दोन्ही पुड्या घेऊन तो गेला. दमा काही गेला नाही त्याचा, तो जातही नाही. पण पुढे कितीतरी वर्षं तो सुकाणूवर बसला. दर खेपेला एक पुडी धमाशाची आणि एक अडुळशाची, दोन्ही आमच्याकडून, हे शेठनी स्वतः ठरवलं.

पण त्या दिवशी शेठनी काय ठरवलंय हे मला माहीत नव्हतं. दुकानात आलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं: माल अंतोन घ्यायचा, चोरून नाही, उघड, तो दम्याचा समजून घ्यायचा, आणि तसं समजायला लावणारा मी. शेठ ऐकत होते. सांगून झाल्यावर मी म्हटलं, “मी माझं सामान आवरून ठेवलंय.”

ते खरं होतं. सकाळीच ठेवलं होतं.

शेठ उठून आत गेले. आतल्या खोलीच्या भिंतीत एक छोटं कपाट होतं. त्यात बचनाग, कुचला, सोमल, सगळी विषं. ते कपाट त्यांच्याशिवाय कोणी उघडलेलं नव्हतं. त्यांच्या सख्ख्या पुतण्यानेही नाही. त्यांनी त्याची किल्ली कमरेची सोडली आणि माझ्यापुढे धरली.

“बचनाग संपत आलाय. नवा शुद्ध करून, वजन करून ठेव.”

मी म्हटलं, “शेठ, मी? माझ्या हातून परत काही झालं तर?”

“तुला भीती वाटते?”

“वाटते.”

“माझ्या पुतण्याला नाही वाटत,” शेठ म्हणाले. “घे.”